व्हिडिओच्या आधीचा एक सेकंद

आमच्या गेमची सुरुवात चाळीस सेकंदांच्या एका व्हिडिओनं व्हायची. काळा अंधार, त्यातून हळूहळू उजाडणारा क्रांती चौक आणि रिकाम्या रस्त्यावरून निघालेली एक रिक्षा. मग खेळणाऱ्यानं ती रिक्षा शहरातल्या जुन्या दरवाज्यांमधून, कुणाला न धडकता, सवाऱ्या घेत हाकायची. एवढाच गेम. चौकापासून चालत पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक धरून आम्ही चौघं. मी प्रोग्रामर. व्हिडिओ सुरू करणं, तो नीट दिसणं, तो संपला की गेम चालू होणं, हे सगळं माझ्या अंगावर.

गेम बाहेर पडून दोन आठवडे झाले नाहीत तोच तक्रारी यायला लागल्या. व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर कचरा दिसतो म्हणे. कुणाला रंगीत चौकटी, कुणाला फाटल्यासारखे पट्टे. एक सेकंद, फार तर दोन. मग व्हिडिओ व्यवस्थित. लोकांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवले. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याच मशीनवर मात्र असलं काही दिसेना. तिथं काळी स्क्रीन आणि मग उजाडणारा चौक.

ते फोटो सरांना भारी आवडले. आमच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी त्यातले पाच-सहा प्रिंट करून पाण्याच्या फिल्टरशेजारी भिंतीला चिकटवले. "मॉडर्न आर्ट आहे हे," म्हणाले. एका चित्राला आम्ही 'कुंपण' म्हणायचो, एकाला 'गोधडी'. पाणी प्यायला उठलं की कुणीतरी नवीन नाव सुचवायचं. मीही सुचवायची.

मी आधी व्हिडिओच्या फाइलवर संशय घेतला. ती तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं पुन्हा बनवून पाहिली. फरक नाही. मग तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या कम्प्युटरची माहिती विचारली, तेव्हा एक गोष्ट दिसली. सगळ्यांकडे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्रं उमटवणारा भाग, एकाच जुन्या जातीचं होतं.

"मग नवीन ड्रायव्हर टाका म्हणावं त्यांना," सर म्हणाले.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि बाकीचा कम्प्युटर यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम. तो जुना असला की चित्रं बिघडतात, नवा टाकला की बहुतेक वेळा सुधारतात. "सर, त्या कार्डांसाठी नवीन ड्रायव्हर निघणं बंद झालंय," मी म्हटलं. "जे करायचं ते आपल्यालाच करावं लागेल. आणि त्यासाठी तसलं एक मशीन लागेल."

तसलं मशीन माझ्या घरीच होतं. ऑफिसात नवे कम्प्युटर आले तेव्हा जुन्यातला एक सरांनी मला दिला होता आणि मी तो बाबांच्या खोलीत लावून दिला होता. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले होते. नोकरीची बरीच वर्षं गारखेड्याहून, आमच्या घरून, पैठणला एसटीनं जाऊन-येऊन केलेली. आई जाऊन चार वर्षं झालेली. दादा-वहिनी पुण्याला. घरात आम्ही दोघंच. बाबा कम्प्युटरवर बातम्या वाचतात, बुद्धिबळ खेळतात, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी कधी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी म्हटलं, "बाबा, आज तुमचा कम्प्युटर पाहिजे मला. ऑफिसचं काम आहे."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघायच्या तयारीत होते. पैठणला जाऊन येतो, जुनी मंडळी भेटतील, असं म्हणाले होते. ते थबकले. "आज? बरं. थांब, मी बंद करून देतो सगळं." खोलीत गेले, दोन मिनिटं उभ्यानंच माऊस हलवला, बाहेर आले. "घे आता. काय नाय त्याच्यात." चप्पल घातली आणि गेले.

मी काहीही उघडलं नाही, हे मला सांगायचंय. पेन ड्राइव्हवरून गेम टाकला आणि सुरू केला.

दिसला! तोच कचरा. पट्टे, चौकटी, एक सेकंद, मग चौक उजाडला. मी खुर्चीतच उडी मारली. महिनाभर ज्याला शोधत होते तो माझ्याच घरात, भिंतीपलीकडे सापडला होता. आता फक्त बघायचं होतं की हा कचरा येतो कुठून. गेममध्ये मी एक सोय करून ठेवली होती. स्क्रीनवर येणारं प्रत्येक चित्र साठवून, नंतर एकेक करून बघता यायचं. गेम पुन्हा चालवला आणि साठवलेली चित्रं उघडली.

पहिल्यात पांढऱ्या-करड्या चौकटी. दुसऱ्यातही त्याच. त्या नीट बघितल्या आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला.

चौकटींमध्ये एका बाईचा अर्धा चेहरा होता.

गाल, कान, कानात बारीक सोन्याचं फूल, मागं ओढून बांधलेले पांढुरके केस. एक डोळा सरळ माझ्याकडे बघणारा. आमच्या गेममध्ये असा चेहरा नव्हता. आमच्या गेममध्ये बाईच नव्हती, सवाऱ्यासुद्धा पाठमोऱ्या होत्या. मला क्षणभर खरंच भीती वाटली. भर दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं, खाली भाजीवाला ओरडतोय आणि माझ्या अंगावर काटा.

मग डोकं चालायला लागलं. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. आपण उघडलेलं प्रत्येक चित्र, प्रत्येक पान आधी तिथं मांडलं जातं. प्रोग्राम बंद केला की ती जागा मोकळी होते, पण पुसली जात नाही. पाहुणा गेला तरी चादर चुरगळलेलीच, तसं. नवे ड्रायव्हर ती जागा दुसऱ्याला द्यायच्या आधी पुसून काळी करतात. हा जुना ड्रायव्हर तशीच देत होता. आणि माझा प्रोग्राम काय करत होता? व्हिडिओसाठी जागा मागायचा, आणि व्हिडिओचं पहिलं चित्र तयार व्हायच्या आधीच ती जागा स्क्रीनवर दाखवायचा. ऑफिसात ती पुसलेली यायची, काळी, आणि आमचा व्हिडिओसुद्धा काळ्यातूनच सुरू होत असल्यानं कुणाच्या लक्षात आलं नाही. चूक ड्रायव्हरची होती. तितकीच माझीही होती.

म्हणजे हा चेहरा बाबांनी निघायच्या आधी बंद केलेला होता.

इथं मी थांबायला हवं होतं. कारण कळलं होतं. खात्री करायची तर एखादं साधं चित्र उघडून, बंद करून, गेम चालवला असता तरी चाललं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी गेम परत चालवला. मग परत. प्रत्येक वेळी कार्ड वेगळी जागा द्यायचं आणि वेगळा तुकडा वर यायचा. एकात देवनागरी अक्षरं होती, मधोमध कापलेली. 'पुनर्विवा'. त्याच्याखाली 'अपेक्षा:' आणि 'स्वभावानं शांत'. एकात 'पैठण' हा शब्द आणि 'निवृत्त परिचारिका'. मला सकाळचा इस्त्रीचा शर्ट आठवला. जुनी मंडळी भेटतील.

तरी मी पाचव्यांदा चालवला.

त्यात बाबा होते. दादाच्या लग्नातला कोट, गळ्यापाशी गुलाबाचं फूल, हसरा चेहरा. तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्यात बाबांच्या शेजारी आई आहे, तिची हिरवी पैठणी नेसून. इथं आई नव्हती. बाबांनी फोटो बाजूनं कापला होता, पण माऊसनं कापताना त्यांचा हात स्थिर राहत नाही. उजव्या कडेला पदराचा बोटभर काठ राहिला होता, आणि बाबांच्या दंडावर टेकलेली आईची दोन बोटं.

मी मॉनिटर बंद केला. कम्प्युटर नाही, नुसता मॉनिटर. उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि हात धुतले, कशाला ते मला सांगता येणार नाही. मग ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येत नव्हतं. रागही नक्की कुणाचा करायचा कळत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, बाबांनी आईला कापलं. एकोणतीस वर्षांची मी, चार वर्षं या माणसाबरोबर रोज रात्री एका टेबलावर जेवणारी, आणि मला यातलं तिळभर माहीत नव्हतं.

अर्ध्या तासानं परत जाऊन बसले. आता जे करायला हवं होतं ते केलं. पूर्ण स्क्रीनभर हळदीसारखा पिवळा रंग असलेलं एक चित्र उघडलं, बंद केलं, गेम चालवला. स्क्रीनवर पिवळ्या चौकटी आल्या. सिद्ध झालं. दुरुस्ती दोन ओळींची होती. जागा मिळाल्याबरोबर काळी करायची, आणि व्हिडिओचं पहिलं चित्र तयार होईपर्यंत काहीच दाखवायचं नाही. दोन ओळी घातल्या. अंधार, मग चौक उजाडला. दहा वेळा चालवून पाहिलं, दहाही वेळा स्वच्छ. साठवलेली सगळी चित्रं पुसली. आईच्या बोटांचं पुसताना मात्र थोडा वेळ लागला.

सहाच्या सुमारास बाबा आले. "झालं का तुझं काम?"

"झालं."

"काय बिघाड होता?"

"जुना ड्रायव्हर," मी म्हटलं आणि पोळ्या करायला उठले.

सोमवारी ऑफिसात मी सरांना पिवळ्या चित्राचा प्रयोग समजावून सांगितला आणि त्या पिवळ्या चौकटींचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. सर खूश झाले. "म्हणजे कचरा नव्हताच तो!" म्हणाले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांची नजर फिल्टरशेजारच्या भिंतीकडे गेली. मलाही तेव्हाच लख्ख कळलं. घरी बाबांपलीकडे माझं डोकंच गेलं नव्हतं. आम्ही दोघंही फिल्टरपाशी गेलो.

'कुंपण' म्हणून लावलेलं चित्र मी उलटं धरलं. त्या बरगड्या होत्या. कुणाचा तरी छातीचा एक्स-रे. 'गोधडी'त बारीक बारीक खूप चेहरे होते, कुठल्या तरी लग्नाचा ग्रुप फोटो. आणि ज्याला आम्ही नाव देऊ शकलो नव्हतो त्यात, डोळे बारीक करून बघितलं तर, झोपलेलं तान्हं बाळ होतं. आम्ही तीन आठवडे लोकांच्या घरात डोकावून पाणी पीत होतो. सरांचा चेहरा पांढरा पडला. "काढ, काढ," म्हणाले आणि स्वतःच नखांनी चिकटपट्ट्या उकरायला लागले. फोटो पाठवलेल्या सगळ्यांना मी त्या दिवशी लिहिलं की तुमच्या स्क्रीनवर दिसलं ते तुमचंच होतं, आमच्या प्रोग्रामच्या चुकीमुळं दिसलं, आम्ही ते पुसून टाकलंय, माफ करा. दोघांची उत्तरं आली. एकानं लिहिलं, धन्यवाद. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही नेमकं काय काय बघितलं?

तो प्रश्न घेऊन मी घरी आले. अनोळखी माणसांची माफी मागितली होती. ज्याचं सगळ्यात जास्त बघितलं त्याची नाही.

तरी बोलायला बुधवार उजाडला. सकाळी बाबा पेपर पसरून मेथी निवडत होते. मी ऑफिसला निघायच्या तयारीत, बॅग खांद्याला. बसले तर बोलता येणार नाही असं वाटलं म्हणून उभ्यानंच म्हटलं, "बाबा, रविवारी मला दिसलं."

"काय?"

"त्या पैठणच्या बाई. आणि तुमचा फोटो."

बाबांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. असा चेहरा मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता, आई गेली तेव्हासुद्धा. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. "मी तर सगळं बंद केलं होतं," ते म्हणाले. "माझ्या हातानं बंद केलं होतं."

"व्हय बाबा. तुमची चूक नाही. कार्डात राहतं ते. माझ्या गेमच्या चुकीनं वर आलं."

"एकदाच दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "पहिल्यांदा आपोआप दिसलं. मग मी तीन वेळा मुद्दाम बघितलं."

बाबा उठले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आमच्या घरात दिवसा दार लावायची पद्धत नाही. मी बॅग खाली ठेवली आणि बाहेर जमिनीवर बसून उरलेली मेथी निवडायला लागले. ऑफिसला कळवलं की आज येत नाही. जुडी निवडून संपली तरी दार लागलेलं. अखेर ते उघडलं. बाबा उंबऱ्यातच उभे राहिले.

"माझ्या खोलीत कुणी न विचारता आलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं," म्हणाले. "तू माझी पोरगी हायेस म्हणून काय करावं कळंना."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

मग ते येऊन समोर बसले. मेथीकडे बघत बोलायला लागले. "तू नऊला जातीस, सातला येतीस. मधी मी कुणाशी बोलतो ठाव हाय का तुला? इन्शुरन्सवाल्या पोरींचे फोन येतात ना, लोकं शिव्या देऊन ठेवतात. मी नाय ठेवत. सगळं ऐकून घेतो. शेवटाला नको म्हणतो. एका पोरीनं तर विचारलं, काका, जेवलात का?" ते थोडं हसले. "त्या दिवशी मला माझंच लई कसंतरी वाटलं. म्हणलं, असं नाय चालायचं."

जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून आलं. "आईला का कापलंत?"

"दुसरा फोटो कुठाय माझा, माय?" बाबा म्हणाले. "एकटा माझा एक तरी दाखव. सगळ्यात ती हाय."

मी तीन दिवस सांभाळलेलं रडू तिथं आलं. बाबांनी उठून पाणी आणून दिलं, ते पाणी घोटभर त्यांनीच आधी प्यायलं.

दादाला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "या वयात? आणि तू ऐकून घेतलंस?" दोन आठवडे तो बाबांशी बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात बोलला, पण फक्त क्रिकेटवर. अजून तेवढंच चाललंय.

मी स्वतःही काही एका दिवसात समजूतदार झाले नाही. बाबा आता दर गुरुवारी पैठणला जायचे. ते निघाले की माझं कामात लक्ष लागत नसे. त्या बाई आमच्या घरात येतील, आईच्या डब्यांची जागा बदलतील, बाबा त्यांना कुठल्या नावानं हाक मारतील, असलं काहीतरी डोक्यात. एकदा बाबांनीच म्हटलं, "चल, भेट तर." मी गेले. एसटीत आम्ही दोघं खिडकीशी बसलो. बाई धरणाजवळच्या बागेबाहेर उभ्या होत्या. पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते आणि तो मला ओळखीचा वाटला याचीच लाज वाटली. त्यांनी माझा हात हातात घेतला, नर्सनं नाडी बघावी तसा, आणि म्हणाल्या, "तू लई बारीक हायेस गं." मला त्या आवडल्या नाहीत. आवडल्या नाहीत असं मी ठरवून टाकलं होतं, हेही खरं.

त्यानंतर दोन-तीन गुरुवार गेले. एका संध्याकाळी बाबा आले, पाय धुतले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "त्या नाय म्हणाल्या."

"म्हणजे?"

"लग्नाला. म्हणाल्या, तीस वर्षं एका माणसाच्या वेळा सांभाळल्या, आता दुसऱ्याच्या नाय सांभाळायच्या. बोलायला या म्हणाल्या. राहायला नको."

मी उठूनच उभी राहिले. "त्या कोण लागून गेल्या नाही म्हणणाऱ्या? काय कमी आहे तुमच्यात? पेन्शन आहे, घर आहे, सगळा स्वयंपाक येतो तुम्हाला! मी बोलते त्यांच्याशी. नंबर द्या."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, आणि असं फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला आधी कळेना ते का हसतायत. कळलं तेव्हा मी आपली मुकाट्यानं आत जाऊन कणीक काढायला लागले. कान गरम झाले होते.

"भाकरी कर," बाबांनी बाहेरून सांगितलं. "आज पोळी नको."

पुढच्या गुरुवारी त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि एसटीनं पैठणला गेले. त्याच्या पुढच्याही. काय बोलतात दोघं तिथं बसून, मी विचारत नाही.